कोंडिबा ढेबे यांचा गुरुवार

गुरुवारी दुपारी तीनला
गणपती पेठेतल्या आमच्या कचेरीचा जिना वाजायचा.
एक पायरी सोडून एक.
डोंगरातली चाल, सांगलीच्या सपाटीवर येऊनही सुटली नव्हती.
हातात साडेतीन पानं, पाठकोरी,
मागच्या अंगाला अडत दुकानातली हळदीची वजनं.

मी मुद्रितशोधक.
गोल्फ म्हणजे काय ते मला त्यांच्याच वेलांट्या सुधारताना कळलं.
सांगलीत तेव्हा हा खेळ कळणारी माणसं तीन:
एक दातांचे डॉक्टर, एक साखर कारखान्याचे साहेब,
आणि हे, ज्यांनी उभ्या जन्मात
एकही डाव पुरा खेळलेला नव्हता.
पिशव्या वाहिल्या होत्या.
महाबळेश्वरला, सीझनमध्ये, नवव्या वर्षापासून,
लाल मातीत, अनवाणी.
चेंडू कुठं पडला हे साहेबाच्या आधी ओळखायचं
आणि साहेबाच्या नंतर सांगायचं.
"पत्रकारिता तिथंच शिकलो," म्हणायचे.

बर्डीची त्यांनी चिमणी केली, ईगलची घार.
अल्बाट्रॉसपाशी अडले.
आठवडाभर अडले, मग लिहून आणलं:
हा पक्षी कृष्णेवर येत नाही,
सबब नाव आहे तसं ठेवलं आहे.
खड्ड्याला गल. गोट्यांतली असते ती.
लोक हसतील, मी म्हणालो.
हसू देत की, कळेल तर खरं.

तासगावहून कुणी पत्र टाकलं,
एवढ्या गवतात गुरं का सोडत नाहीत?
ढेब्यांनी अख्खा लेख त्यावर लिहिला.
उत्तर दिलं नाही. प्रश्न कसा बरोबर आहे तेवढंच लिहिलं.

मग रेडिओ. बुधवारी संध्याकाळी, पाच मिनिटं,
गूळ, हळद, बेदाण्याचे भाव सांगून झाले की लगेच.
आमच्याकडे मैदान म्हणजे हलगी,
कर्णा, हवेत उडालेले फेटे.
ढेबे कुजबुजायचे.
पुण्यातल्या स्पर्धेचा शेवटचा फटका असा सांगायचे
जणू काही शेजारच्या खोलीत तान्हं मूल निजलंय.
पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या, यंत्र बिघडलं म्हणून.
पुढं लोकांनी रेडिओ मोठा केला नाही,
आपापली तोंडं बारीक केली.
मिरजेच्या एका सलूनमध्ये
अर्ध्या मिशीवर थांबलेली कात्री मी पाहिली आहे.

(वर मी "जणू काही" लिहिलं.
त्यांना हे दोन शब्द आवडत नसत.
चेंडू चेंडूसारखाच जातो, म्हणायचे,
आणि स्वतःच खोडून आणायचे.)

आवडी साध्या नव्हत्या, हट्टी होत्या.
भडंगाचा पुडा तळाकडून फोडायचे,
लसूण खाली बसतो म्हणून.
चहा बशीतच.
बूट पांढरे, शाळेच्या खडूनं उजळलेले,
डोक्यावर मात्र काही नाही, ज्येष्ठाच्या उन्हातही.
टोपी साहेबाची असते.
घरी एकुलती एक काठी, हिकरीच्या दांड्याची,
कुणा पारशी बाईंनी जाताना दिलेली.
तिनं चिंचा पाडायचे
आणि हे चारचौघांत सांगायचे.

एकदा जागा नव्हती.
टायरची जाहिरात आली, ऐन वेळी, चार इंच.
मी त्यांच्या लेखाची शेवटची ओळ काढली.
चेंडू थांबला. वारा थांबला नाही.
एवढीच होती.

पुढच्या गुरुवारी आले, एक पायरी सोडून एक.
पानं ठेवली.
पुडा उलटा करून फोडला,
खालचं अर्धं माझ्या पुढ्यात ओतलं, लसणासकट.
बोलले काहीच नाहीत.

त्या लेखाची पहिली ओळ होती,
चेंडू थांबला. वारा थांबला नाही.
खाली भलत्याच गावची, भलत्याच स्पर्धेची हकिकत.
संदर्भ कुठंच लागत नव्हता.
मी शाईचं बोट पुसलं
आणि जाऊ दिलं.